बायबलमधलं 'भूत' म्हणजे नक्की कोण?

सीनानदी
नमस्कार. हा विषय बरेच महिने मनात आहे, आज लिहितेच.

आम्ही नगरचे. घर चार पिढ्यांपासून ख्रिस्ती. आजी रोज रात्री जेवणं झाली की पवित्र शास्त्र वाचायची आणि आम्ही भावंडं गोधडीत शिरून ऐकायचो. येशूनं भुतं काढली हे वाक्य आलं की माझ्या डोळ्यांपुढे गालील वगैरे काही यायचं नाही. वाड्यामागच्या पिंपळावरचा मुंजा यायचा, आणि आमच्या आळीतली विहिरीत जीव दिलेली बाई यायची. म्हणजे मेलेली माणसं. माझ्या लेखी येशू मेलेल्यांना हाकलायचा.

गेल्या वर्षी मत्तयाचं शुभवर्तमान सलग वाचलं. चौदाव्या अध्यायात येशू पाण्यावरून चालत येतो तेव्हा शिष्य घाबरून 'भूत आहे' म्हणतात. तेच 'भूत' आठव्या अध्यायात माणसांना लागतं आणि नंतर डुकरांमध्ये शिरतं. इंग्रजीत पाहिलं तर दोन्हीकडे वेगळे शब्द. मग मूळ ग्रीकमध्ये काय आहे? आपल्या भाषांतरकर्त्यांनी दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव दिलं का? आणि त्यामुळे आपली भीतीसुद्धा मूळापेक्षा वेगळी झाली का?

हे नुसतं कुतूहल नाही. माझ्या मावसभावाला, वय १९, फिट्स येतात. गोळ्यांनी वर्षभर बरा होता. दोन महिन्यांपूर्वी एका प्रार्थनासभेत पाहुण्या प्रचारकांनी त्याला भूत आहे असं जाहीर केलं, आणि मावशीनं गोळ्या थांबवल्या. मावशीला शास्त्रातलं बोललं तरच पटतं. म्हणून शास्त्रातलंच विचारतेय. जाणकारांनी कृपया लिहावं.

गुळपोळी
वाचतेय. विषय वेगळा आहे. भावाला आधी डॉक्टरकडे न्या, बाकीचं नंतर.

मेंदूची_डॉक्टर
गुळपोळी यांच्याशी सहमत. सीनानदी, फिट्सच्या गोळ्या एकदम बंद करणं फार धोक्याचं असतं. एकामागून एक फिट येत राहून शुद्धच न येण्याची अवस्था होऊ शकते, त्यात जीव जातो. गोळ्या सुरू करतानाही डोस मनानं ठरवू नका. त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांना आजच फोन करा. भाषांतराची चर्चा चालू द्या, मीही वाचणार आहे.

सीनानदी
@मेंदूची_डॉक्टर, धन्यवाद. मावशीच्या मोठ्या मुलीशी बोलले आत्ताच. ती उद्या त्याला घेऊन जातेय, पण मावशी अडून बसली आहे.

जुनीपोथी
मी सेमिनरीत ग्रीक शिकलो, पुढे थोडं शिकवलंही. तुमचं निरीक्षण बरोबर आहे. पाण्यावरच्या प्रसंगात ग्रीक शब्द 'फांतास्मा' आहे, म्हणजे दिसलेला आभास, छाया. माणसांना लागणारं ते 'दायमोनिऑन', आणि त्याच प्रसंगांत पुष्कळदा 'अशुद्ध आत्मा' असंही म्हटलेलं असतं. तिसरा शब्द 'दियाबोलोस', म्हणजे चहाडखोर, आरोप करणारा. दुष्ट शक्ती या अर्थी तो नेहमी एकच.

मराठीनं दियाबोलोसला बहुतेक ठिकाणी 'सैतान' केलं आणि दायमोनिऑनला 'भूत'. यात एक गोष्ट आपण इंग्रजीपेक्षा बरी केली. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये या दोन्हींना 'डेव्हिल' आहे. त्यामुळे इंग्रज वाचकाला वाटायचं की डेव्हिल पुष्कळ आहेत आणि सगळे एकाच जातीचे. ल्यूथरच्या जर्मनमध्येही 'टॉयफेल' असाच सगळीकडे फिरतो. त्या १६११ च्या परंपरेत 'डीमन' हा वेगळा शब्द मजकुरात आला तो १९०१ च्या अमेरिकन आवृत्तीत. आपल्याकडे एक सैतान आणि अनेक भुतं हा भेद आधीपासून राहिला.

पण 'भूत' शब्दाबरोबर मेलेला माणूस आला, हे खरंच. नव्या करारात दायमोनिऑन म्हणजे मृताचा आत्मा असं कुठेही म्हटलेलं नाही.

खरी गंमत मात्र मराठीच्या फार आधी घडलेली आहे. हिब्रूतून ग्रीकमध्ये येताना. सवडीनं लिहितो.

कोकणकडा_७
जुनीपोथी, लिहाच. तोवर माझं थोडं अवांतर.

मी सावंतवाडीकडचा, हिंदू. आमच्याकडे देवचार असतो. गावाची वेस राखतो, रात्री वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडतो, त्याच्या काठीचा आवाज ऐकलेली माणसं प्रत्येक गावात भेटतील. त्याला रोट देतात, विडी ठेवतात. रागीट आहे, पण आपला आहे. नोकरीसाठी मडगावला गेलो तेव्हा शेजारच्या कॅथलिक आजी नातवाला रागावून 'देवचार' म्हणाल्या आणि मी चमकलो. गोव्याच्या ख्रिस्ती कोंकणीत देवचार म्हणजे थेट सैतान! चर्चच्या प्रवचनात, प्रार्थनेत, सगळीकडे. आमचा राखणदार त्यांच्याकडे नरकाचा मालक.

तेव्हा थोडं लागलं मनाला. राग नव्हता, आजी माझ्यावर जीव लावायच्या. पण कधीतरी कुणीतरी बसून ठरवलं असणार की सैतानाला इथल्या भाषेत काय म्हणायचं, आणि त्याला हा शब्द सापडला.

जुनीपोथी
@कोकणकडा_७, तुम्ही नकळत माझ्या पोस्टची प्रस्तावनाच लिहिलीत.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात ज्यू विद्वानांनी तोरा, म्हणजे त्यांच्या शास्त्राची पहिली पाच पुस्तकं, ग्रीकमध्ये आणायला सुरुवात केली. पुढे इतर ग्रंथही झाले. ग्रीकमध्ये तेव्हा 'दायमोन' हा वाईट शब्द नव्हता. देव आणि माणूस यांच्या मधली शक्ती, कधी देवताच, कधी नशीब. सॉक्रेटिस आपल्या आतल्या सावध करणाऱ्या आवाजाला दायमोनिऑनच म्हणायचा.

हिब्रूत मात्र या जागी एक शब्द नाही, अनेक आहेत. 'शेदीम' फक्त दोनदा येतो, 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या ३२ व्या अध्यायात आणि स्तोत्र १०६ मध्ये. 'सेईरीम' म्हणजे केसाळ, बोकडासारखे, ओसाड जागी नाचणारे. 'गाद' ही भाग्याची देवता. 'एलिलीम' म्हणजे निरुपयोगी, पोकळ वस्तू. हे सगळे वेगवेगळे प्राणी ग्रीक भाषांतरात अनेक ठिकाणी 'दायमोन' किंवा 'दायमोनिऑन' या एकाच पोत्यात गेले.

सगळ्यात मोठा परिणाम स्तोत्र ९६, ओवी ५ चा. हिब्रूत शब्दांचा खेळ आहे: राष्ट्रांचे 'एलोहीम' हे 'एलिलीम' आहेत. म्हणजे ते देव कसले, काहीच नाहीत. आपल्या मराठीत 'केवळ मूर्ती' आहे, ते या अर्थाच्या जवळ आहे. ग्रीकमध्ये झालं, राष्ट्रांचे सर्व देव 'दायमोनिया' आहेत. 'काहीच नाही' आणि 'दुष्ट शक्ती आहे' यात किती अंतर आहे बघा! पहिल्यात घाबरण्यासारखं काही उरत नाही. दुसऱ्यात प्रत्येक देवळात कुणीतरी दबा धरून बसलेलं आहे.

लॅटिनमध्ये जेरोमनं नंतर हिब्रूवरून नवं भाषांतर केलं तेव्हा इथे 'कोरलेल्या मूर्ती' असं लिहिलं. पण चर्चमध्ये गायची स्तोत्रं ग्रीकवरून आलेल्या जुन्या पाठाचीच राहिली, त्यात 'डेमोनिया' होतं. लोकांनी शतकानुशतकं तेच गायलं. ऑगस्टीन या जुन्या धर्मपंडितानं त्यावर युक्तिवाद उभा केला. फ्रान्सिस झेवियर या मिशनरीच्या १५४४ च्या पत्रात दक्षिणेतल्या देवळांविषयी लिहिताना हाच विचार येतो. तुमच्या देवचाराचं काय झालं त्याची वाट इथून जाते.

भाषावेडा
जबरदस्त. यात एक भर. हिब्रू 'शेद' चं नातं मेसोपोटेमियातल्या 'शेदू' शी लावतात. शेदू म्हणजे संरक्षक. असिरियन राजवाड्यांच्या दारात पंख असलेले, माणसाच्या डोक्याचे दगडी बैल आहेत ना, त्यांच्याशी हे नाव जोडलं जातं. म्हणजे तिथेही राखणदार! शेजाऱ्याचा राखणदार आपल्याकडे येताना भूत होऊन येतो.

आपल्या शेजारचं उदाहरण आहेच. वेदातला देव अवेस्तात, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथात, 'दएव' झाला, म्हणजे दुष्ट. आणि तिकडचा 'अहुर' सर्वश्रेष्ठ, इकडचा असुर राक्षस.

आणि 'भूत' हा शब्दही मुळात बिचारा साधा आहे. जे झालं ते, जे आहे ते. पंचमहाभूतं, भूतदया. पसायदानातली भुतं म्हणजे सगळे जीव. भूतदया शिकवणाऱ्या बाईंना वर्गात एकदा विचारलं होतं, भुतांवर दया का करायची? बाई हसून हसून खुर्चीत बसल्या होत्या.

वसईची_वाट
आम्ही वसईचे कॅथलिक. @भाषावेडा, तुमच्या 'दएव' चं एक पोर आमच्या बायबलमध्ये आहे. तोबीत नावाच्या पुस्तकात अस्मोदेउस येतो, सारा नावाच्या मुलीचे सात नवरे लग्नाच्या रात्री मारणारा. हे नाव इराणी 'एश्म दएव' वरून आलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. तोबियास माशाचं काळीज आणि यकृत निखाऱ्यावर टाकतो, त्या वासानं तो इजिप्तपर्यंत पळतो आणि राफाएल दूत त्याला बांधतो. सीनानदी, तुमच्या प्रोटेस्टंट बायबलात हे पुस्तक नाही. म्हणजे कुठली पुस्तकं घेतली यावरही भुतांची यादी ठरते.

माझी आजी दुपारी बारा वाजता विहिरीवर जाऊ द्यायची नाही.

कोकणकडा_७
आमच्याकडेही! भर दुपारी बारा आणि तिन्हीसांजा.

अश्दोदकर
शालोम आणि नमस्कार. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू, जन्म अलिबागजवळचा, आता ४० वर्षं इस्राएलात अश्दोदला. घरी अजून मराठी बोलतो.

बारा वाजताचा विषय निघाला म्हणून लिहितो. स्तोत्र ९१ आमच्याकडे संकटात, प्रवासात, रात्री झोपताना म्हणतात. त्याची सहावी ओवी हिब्रूत अशी: 'केतेव याशूद त्सोहोराईम', दुपारी उद्ध्वस्त करणारा नाश. ग्रीक भाषांतरात तिथे 'दुपारचा दायमोनिऑन' आहे. कारण काय असावं? 'याशूद' मधली पहिली खूण योद आहे. योद ही लहान रेघ, वाव ही जरा लांब रेघ. जुन्या हस्तलिखितांत त्यांची सहज गल्लत होते. योदच्या जागी वाव वाचलं की 'व-शेद' होतं, म्हणजे 'आणि शेद'. एका रेघेच्या लांबीवरून दुपारला भूत मिळालं. अर्थात आमच्या जुन्या रब्बींनीही 'केतेव' ला एक दुष्ट शक्तीच मानलं, म्हणजे भीती आमच्याकडेही होती.

आणखी दोन. लेवीयच्या १६ व्या अध्यायात प्रायश्चित्ताच्या दिवशी एक बकरा 'अजाजेल' कडे रानात सोडतात. ग्रीक, लॅटिन आणि जुन्या इंग्रजीत ते नावच गेलं, 'सोडून दिलेला बकरा' असं झालं. इथे भूत भाषांतरात हरवलं! आजही इकडे रागावलेला माणूस 'लेख ला-अजाजेल' म्हणतो, आपण 'मसणात जा' म्हणतो तसं. दुसरं, यशया ३४ मधली 'लिलीत'. लॅटिनमध्ये ती 'लामिया' झाली, मुलं खाणारी राक्षसीण. १६११ च्या इंग्रजीत घुबड झाली. आजच्या हिब्रूतही लिलीत हे एका घुबडाचं नाव आहे, माझ्या नातीला शाळेत चित्र काढायला दिलं होतं.

वसईची_वाट
@अश्दोदकर, अंगावर काटा आला. त्या एका रेघेचं पुढे काय झालं ते मला सांगता येईल, कारण आमच्या एका फादरनी उपवासकाळाच्या रिट्रीटमध्ये ते शिकवलं होतं.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एव्हाग्रियस नावाचा संन्यासी होता. त्यानं माणसाला छळणारे आठ विचार सांगितले. त्यातल्या 'अकेदिया' ला त्यानं दुपारचं भूत म्हटलं, थेट त्या स्तोत्रातून. वर्णन ऐका: सूर्य हलतच नाही असं वाटतं, दिवस ५० तासांचा वाटतो, सारखं खिडकीकडे बघावंसं वाटतं, कुणी भेटायला येतंय का, ही जागा नको, हे काम नको, आपल्यावर कुणाचं प्रेम नाही. कासियान नावाच्या दुसऱ्या संन्याशानं हे पश्चिमेला नेलं आणि पुढे त्यातूनच सात मोठ्या पापांमधला 'आळस' आला.

माझ्या बाळंतपणानंतर मी सहा महिने अगदी अशी होते. दुपारी दीड वाजला की भिंत बघत बसायचे. सासूबाई आळशी म्हणायच्या. फादरनी तो उतारा वाचला तेव्हा मागच्या बाकावर बसून रडले. सोळाशे वर्षांपूर्वीच्या माणसाला माझी दुपार माहीत होती. मूळ हिब्रूत तिथे भूत नसेलही. पण त्या चुकीच्या वाचनातून (चूक असेल तर) कुणीतरी मनाच्या एका आजाराकडे नीट पाहिलं, त्याला नाव दिलं.

सीनानदी
@वसईची_वाट, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. मी हे दोनदा वाचलं.

पास्टरांचा_मुलगा
सगळं वाचलं. अभ्यास मोठा आहे, पण मला वेगळं म्हणायचं आहे.

या धाग्याचा सूर असा होतोय की भुतं म्हणजे भाषांतरकारांनी तयार केलेली गोष्ट. मी ते मानत नाही. येशू स्वतः त्या आत्म्यांशी बोलतो, त्यांना धमकावतो. ते भाषांतर नाही, तो प्रसंग आहे. माझ्या वडिलांनी ३० वर्षं खेड्यापाड्यांत सेवा केली. दारूनं, सुडानं, भयानं बांधलेली माणसं प्रार्थनेनं मोकळी होताना मी पाहिली आहेत. शब्द 'भूत' असो की 'दुरात्मा', त्या बांधलेपणाला मी काहीच नाही म्हणू शकत नाही.

आणि सीनानदी, तुमच्या भावाविषयी वाईट वाटतं, पण शास्त्राशी प्रामाणिक राहायचं तर मत्तय १७ वाचावं लागेल. फेफरं येणारा मुलगा, विस्तवात पडतो, पाण्यात पडतो. येशू धमकावतो आणि भूत निघून जातं. तुमच्या मावशी हाच उतारा दाखवतील.

सीनानदी
@पास्टरांचा_मुलगा, अगदी हाच दाखवला. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

जुनीपोथी
@पास्टरांचा_मुलगा, तुमचा आक्षेप मला मान्य आहे. मीही विश्वासी माणूस आहे. भाषांतरानं वाईट निर्माण केलं असं माझं म्हणणं नाही, त्याला चेहरा कुठला द्यायचा ते भाषांतर ठरवतं.

उदाहरण लुसिफरचं. यशया १४ मध्ये बाबेलच्या राजाची टर उडवली आहे: हे 'हेलेल बेन शाहार', चमकणाऱ्या पहाटेच्या पुत्रा, तू कसा पडलास! लॅटिनमध्ये याला 'लुसिफेर' म्हटलं, म्हणजे शुक्रतारा, साधा शब्द. त्याच लॅटिन बायबलात पेत्राच्या दुसऱ्या पत्रात 'तुमच्या अंतःकरणात लुसिफेर उगवो' असं आहे, तिथे तो चांगला! चौथ्या शतकात लुसिफेर नावाचा एक बिशपही होऊन गेला. ओरिगेन या ख्रिस्ती विद्वानानं तिसऱ्या शतकात यशयाचा हा उतारा सैतानाशी जोडला, पुढे इंग्रजीनं शब्द तसाच विशेषनाम म्हणून ठेवला आणि सैतानाचं बारसं झालं. मराठीत तिथे 'देदीप्यमान तारा' आहे. तरी आपल्या प्रवचनांत लुसिफर येतोच. मराठी बायबलात नसलेलं नाव मराठी माणसाला पाठ आहे.

कोकणकडा_७
माझा एक प्रश्न राहिला. पौल ग्रीक लोकांच्या देवांना काय म्हणाला? तो तर त्यांच्यातच फिरत होता.

जुनीपोथी
छान विचारलंत. करिंथकरांना लिहिताना तो अनुवाद ३२ च्या ग्रीक शब्दांत बोलतो: ते यज्ञ करतात ते दायमोनियांना. पण 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या १७ व्या अध्यायात अथेन्सचे लोक पौलाबद्दल म्हणतात, हा परक्या 'दायमोनियां'चा प्रचार करतोय. तोच शब्द, पण त्यांच्या तोंडी त्याचा अर्थ देवता. मराठीत तिथे भूत नाही, दैवतं आहेत, आणि ते योग्यच आहे. अथेन्सकरांच्या कानाला येशू हाच एक नवा दायमोनिऑन होता.

कोकणकडा_७
म्हणजे प्रत्येक जण कुणाच्या तरी गावात देवचार असतो. हे आज रात्री आईला सांगणार.

भाषावेडा
मराठी भाषांतरांवर कुणी लिहिलं नाही. विल्यम कॅरीच्या सेरामपूरहून १८११ मध्ये मराठी नवा करार निघाला, तोही बंगालात बसून, वैजनाथ पंडितांच्या मदतीनं. पंडिता रमाबाईंनी तर केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, १९२२ मध्ये जाईपर्यंत त्यावर काम करत होत्या. खेड्यातल्या बाईला कळलं पाहिजे हा त्यांचा ध्यास होता. 'भूत' शब्द त्या बाईला लगेच कळतो, हेच त्याचं बळ आणि हीच अडचण.

मंजुळा_थोरात_नव्हे_नुसती_मंजुळा
मी सहसा लिहीत नाही, वाचते फक्त. आमच्या महिला मंडळात या वर्षी मत्तय चालू आहे म्हणून पटकन आठवलं. १७ वा अध्याय काढायच्या आधी मावशींना चौथा काढायला सांगा, ओवी २४. लोक येशूकडे आजाऱ्यांना आणतात त्यांची यादी आहे: भूतग्रस्त, फेफरेकरी, पक्षघाती. तीन वेगळी नावं. फेफरं आणि भूत एकच असतं तर मत्तयानं दोनदा कशाला लिहिलं असतं?

जुनीपोथी
मंजुळाताई, नमस्कार करतो. एवढं ग्रीक शिकून मला ही ओवी सुचली नाही. मुळातही तीन वेगळेच शब्द आहेत. मधला शब्दशः 'चंद्राचा झटका आलेले' असा आहे, कारण तेव्हा फेफऱ्याचा संबंध चंद्राशी लावत. आणि १७ व्या अध्यायात बाप मुलासाठी तोच शब्द वापरतो. तिथे येशूनं भूत काढलं हे खरं, पण त्या एका मुलावरून प्रत्येक फेफरेकऱ्याला भूतग्रस्त ठरवायची मुभा मत्तय देत नाही. त्यानं यादीत वेगळा रकाना ठेवलाय.

पास्टरांचा_मुलगा
हे मला मान्य आहे. १७ वा अध्याय पुढे केला तेव्हा ४:२४ माझ्या डोळ्यांसमोर नव्हतं. सीनानदी, आणखी एक. माझ्या वडिलांनी आजाऱ्यासाठी प्रार्थना केली तेव्हा कधीही औषध थांबवायला सांगितलं नाही. लूक स्वतः वैद्य होता, कलस्सैकरांच्या पत्राच्या शेवटी पौल त्याला 'प्रिय वैद्य' म्हणतो. मावशींना वाटलं तर माझे वडील फोनवर बोलतील. व्यक्तिगत निरोपात नंबर देतो.

मेंदूची_डॉक्टर
याहून चांगलं प्रिस्क्रिप्शन मी लिहू शकले नसते.

सीनानदी
काल संध्याकाळी मावशीकडे गेले होते. आजीचंच जुनं पवित्र शास्त्र नेलं, कारण त्यातलं तिला आपलं वाटतं. ४:२४ मी वाचलं नाही, तिलाच वाचायला दिलं. तिनं बोट ठेवून तीनदा वाचलं. मग म्हणाली, 'इथं वेगळं लिहिलंय गं.' बराच वेळ गप्प होती. पाहुण्या प्रचारकांबद्दल मी काही बोलले नाही. पास्टरांच्या मुलाच्या वडिलांशी ती वीस मिनिटं बोलली, त्यांनी फोनवरच प्रार्थना केली आणि शेवटी विचारलं, पोरानं रात्रीची गोळी घेतली का?

भाऊ परवा डॉक्टरांकडे जाऊन आला होता, पण गोळ्यांची पिशवी मावशीच्या कपाटात होती. काल तिनं ती काढून दिली. रात्रीची गोळी त्यानं तिच्या समोर घेतली. पुढची तपासणी १५ दिवसांनी आहे, मी बरोबर जाणार आहे.

@अश्दोदकर, मावशीला ती लहान आणि लांब रेघेची गोष्टही सांगितली. ती विचारतेय, तुमच्याकडे स्तोत्र ९१ कुठल्या चालीवर म्हणतात?

अश्दोदकर
माझ्या आईची चाल आहे, अलिबागची. आज रात्री म्हणून रेकॉर्ड करतो आणि पाठवतो.